मदत हवी आहे: छोट्या हत्तीच्या इंजिनासाठी भरवशाचा मेकॅनिक

नमस्कार मंडळी. माझा २०११ चा छोटा हत्ती आहे, दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. नारायणगावहून कल्याणला टोमॅटो नेतो. महिनाभर झाला, रिकामी परत येतानाही माळशेज चढताना टेंपरेचरचा काटा लालवर जातो. सकाळी पांढरा धूर. थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली तर पाण्यात बुडबुडे येतात. पाणी रोज कमी होतं, खाली मात्र थेंब नाही. ऑइल अजून दुधाळ झालेलं नाही, म्हणजे त्यात पाणी गेलेलं दिसत नाही, तेवढाच धीर.

एका गॅरेजवाल्याने इंजिन न बघताच पूर्ण इंजिनकाम सांगितलं. मला हेड गॅस्केटची (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलची) शंका आहे. जुन्नर, आळेफाटा, मंचरकडे हेड नीट तपासून, जुने पार्ट हातात देणारा कुणी आहे का? घर याच गाडीवर चालतं हो.