मदत हवी आहे: इंग्लंडमधलं ऑनलाइन कॅसिनोचं अकाउंट पेडण्यात आल्यावर लॉक झालं, आतले पैसे कसे काढायचे?

तेरेखोलकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न माझा नाही, धाकट्या दिराचा आहे. पण त्यांना मराठी टाइप करायचा कंटाळा, आणि आमच्या घरात असलं काही निघालं की ते शेवटी माझ्याच गळ्यात येतं.

भावजी पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला असतात, गोदामात काम करतात. तिथल्या परवान्याची एक ऑनलाइन कॅसिनो कंपनी आहे (नाव लिहीत नाही), तिच्यात त्यांचं जुनं अकाउंट आहे. चवथीला घरी आले. माटोळी बांधून झाली, सगळे जेवले, आणि रात्री यांनी सवयीने मोबाईलवर लॉगिन केलं. "तुम्ही जिथे आहात तिथे ही सेवा उपलब्ध नाही" अशी पाटी आली. तरी चारदा परत करून बघितलं. सकाळी मेल हजर: अकाउंट तात्पुरतं थांबवलंय, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा पाठवा, आणि सध्या कुठे आहात ते कळवा. आत ६४० पौंड आहेत. त्यातले साधारण निम्मे भरलेले, बाकी जिंकलेले.

आता सल्ले देणारे खूप. म्हापशाला मोबाईलच्या दुकानातला मुलगा म्हणतो, ३०० रुपयांत व्हीपीएन टाकून देतो, लंडनमध्ये असल्यासारखं दिसेल. स्विंडनचा रूममेट म्हणतो, पासवर्ड दे, मी इथून लॉगिन करून पैसे काढतो. भावजींच्या मनात आहे की पैसे सरळ इथल्या बँकेत मागवावे. आणि माझा मुलगा (वय १९, काळजीचं कारण) विचारतो की गोव्यात कॅसिनो अधिकृत आहेत, मग मोबाईलवर का नाही?

यातलं काय बरोबर? ह्यांना अजून काही सांगितलेलं नाही, त्यामुळे जरा लवकर उत्तर आलं तर बरं.

डिचोलीकर

ताई, आधी त्या म्हापशाच्या मुलाला नको म्हणून सांगा. बाकी सगळं नंतर.

अकाउंट लॉक झालंय हे आज तरी फार वाईट नाही. भावजी इथून एकही डाव खेळलेले नाहीत, नुसतं दार ठोठावून परत आले. व्हीपीएन लावून एक डाव जरी पडला तरी प्रकरण बदलतं. या कंपन्यांच्या अटींत दोन कलमं बहुतेक ठिकाणी सापडतात: ज्या देशात सेवा नाही तिथून खेळू नये, आणि ठिकाण लपवणारं कसलंही सॉफ्टवेअर वापरू नये. पहिल्याबद्दल "सुट्टीवर आलो होतो, लक्षात आलं नाही" म्हणता येतं. दुसऱ्याबद्दल काय म्हणणार? ते ॲप आपोआप तर फोनवर येत नाही. मग जिंकलेली रक्कम रद्द करायला कंपनीला आयतं कारण मिळतं.

शिवाय ते पकडलं जातं. लोकांना वाटतं कंपनी फक्त आयपी पत्ता बघते. ॲपला लोकेशनची परवानगी असेल तर जीपीएस दिसतो, आजूबाजूचे वायफाय दिसतात, फोनचं घड्याळ कुठल्या देशाचं ते दिसतं. आयपी सांगतोय लंडन आणि फोनचं घड्याळ साडेचार तास पुढे, हे मशीनला कळायला काय वेळ लागतो? आणि भावजींनी आदल्याच रात्री भारतातून चारदा दार वाजवलंय, ती नोंद तर आहेच.

मुळात गोंधळ इथे होतो की माणसाला वाटतं, माझा पासपोर्ट तिकडचा, पगार तिकडचा, अकाउंट तिकडचं, म्हणजे मी कुठूनही खेळलो तर काय बिघडलं. पण नियम बघतो तो खेळताना तुम्ही कुठे बसलात ते. ब्रिटनच्या जुगार आयोगाचा परवाना इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समधल्या गिऱ्हाइकांसाठी. दुसऱ्या देशात बसलेल्याला खेळू द्यायचं तर तिथला कायदा आडवा येतो. अमेरिकेत हे आणखी ठळक दिसतं. न्यू जर्सीत २०१३ पासून ऑनलाइन कॅसिनो आहेत. तिथे तुम्ही त्या राज्याचे रहिवासी असलंच पाहिजे असं नाही, पण खेळताना राज्याच्या हद्दीत असलं पाहिजे. नदी ओलांडून न्यूयॉर्कला गेलात की त्याच फोनवर, त्याच अकाउंटवर खेळ बंद.

जुना खलाशी

डिचोलीकर बरोबर सांगतात. मी क्रूझवर होतो. बोटीचं इंटरनेट उपग्रहावरून, त्यामुळे बोट कॅरिबियनमध्ये आणि फोन दाखवणार भलताच देश. आमच्या क्रूमधल्या पोरांची अकाउंटं सारखी लॉक व्हायची. जो चॅटवर सरळ लिहायचा की बाबा मी बोटीवर आहे, हे माझं सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), हा माझा कंपनीचा कागद, त्याचं सुटायचं. जो गोष्ट रचायचा तो लटकायचा, कारण दुसऱ्या मेलमध्ये गोष्ट बदलायची.

म्हणून भावजींना सांगा, विमानाचं तिकीट आणि बोर्डिंग पास जपून ठेवा. अमुक तारखेपासून सुट्टीवर गोव्यात आहे, अमुक तारखेला परत येणार, इथून खेळलेलो नाही, मला फक्त पैसे काढायचे आहेत. चार ओळी पुरे.

रूममेटला पासवर्ड अजिबात नको. अकाउंट ज्याचं त्यानेच वापरायचं. दुसऱ्याने चालवलं की तोही नियमभंग, वर नवा फोन आणि अचानक स्विंडन. सकाळी पेडणे, दुपारी स्विंडन, एवढ्या वेगाने आमचा कॅप्टनही जात नव्हता. आणखी एक. स्विंडनला एकेका घरात आपले पाच-सात जण राहतात. त्याच वायफायवर, त्याच पत्त्यावर दुसऱ्या कुणाचं त्या कंपनीत अकाउंट असेल आणि दोघांनीही बोनस घेतला असेल तर "एका घराला एकच बोनस" हे कलम काढतात. रूममेटला मध्ये घेतलं की तेही उकरून निघेल.

फायलीतला माणूस

कागदांचं सांगतो, बाकीचं वर आलंय.

पत्त्याच्या पुराव्यात बहुतेकांचं अडतं, कारण वीज-पाण्याचं बिल घरमालकाच्या किंवा रूममेटच्या नावावर. भावजींच्या स्वतःच्या नावावरचं तिथलं बँक स्टेटमेंट, गेल्या तीन महिन्यांतलं, बहुधा चालतं. अकाउंटवर नाव ज्या स्पेलिंगने आहे ते पासपोर्टशी जुळतं का बघा. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी मध्ये असतं, कधी नसतं, आणि पोर्तुगीज कागदांवर आडनावांची तऱ्हाच वेगळी.

इथल्या बँकेत पैसे मागू नका. ज्या डेबिट कार्डावरून भरले त्याच कार्डावर परत, असा साधारण नियम असतो, काळा पैसा फिरवला जाऊ नये म्हणून. दुसऱ्या देशातलं खातं दिलं तर सरळ साधी केस संशयास्पद होईल. (क्रेडिट कार्डाचा प्रश्नच नाही, ब्रिटनमध्ये १४ एप्रिल २०२० पासून जुगारासाठी ते बंद आहे.)

कंपनीने ताणून धरलं तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही, किंवा लागलेला पटला नाही, तर परवानाधारक कंपनीने नेमलेल्या स्वतंत्र लवादाकडे जाता येतं, गिऱ्हाइकाला फुकट. त्याचं नाव कंपनीच्या अटींतच असतं. जुगार आयोग स्वतः एकेका गिऱ्हाइकाचे पैसे सोडवून देत नाही, तिकडे मेल लिहून वेळ घालवू नका.

मांडवीपार

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

गोव्यात कॅसिनो अधिकृत आहेत हे अर्धंच खरं. मूळ कायदा १९७६ चा, गोवा, दमण आणि दीवचा, आणि तो जुगार बंद करण्यासाठी आहे. १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीन आली, १९९६ मध्ये बोटींवर टेबलांचे खेळ आले. सूट आहे ती एवढी, ठरावीक जागेपुरती. मोबाईलचा तिच्याशी संबंध नाही. आणि गंमत बघा, १ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या गोवेकरांना त्या बोटींवर जाऊन खेळायलाही बंदी. मांडवीत बोटी आमच्या, खेळणारे बाहेरचे.

ऑनलाइनसाठी आता केंद्राचा कायदा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत मंजूर झाला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ देऊ करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि ५० लाखांपर्यंत. बँकांनी असले व्यवहार करायचे नाहीत. परदेशातून चालवलेल्या साइटही यात येतात. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि नेमकं तेवढंच वाक्य टेलिग्रामवरचे दलाल पोरांना ऐकवतात. पैसे अडकल्यावर तो दलाल ब्लॉक करून मोकळा. भावजींच्या मागे निदान ब्रिटनचा परवाना आणि लवाद तरी आहे. कॅरिबियनमधल्या कुरसाव बेटाच्या परवान्यावरच्या कुठल्या साइटवर पेडण्यातून पैसे घातलेला पोरगा कुणाकडे जाणार? पोलिसांत जाऊन काय सांगणार?

तेरेखोलकाठ

सगळ्यांचे खूप आभार. काल भावजींना समोर बसवून चार ओळींचा मेल लिहून घेतला, सोबत पासपोर्ट, स्टेटमेंट, जाण्या-येण्याचं तिकीट. आज उत्तर आलं: कागद तपासून झाले की शिल्लक पूर्ण रक्कम त्याच कार्डावर पाठवू, अकाउंट मात्र ब्रिटनला परत येईपर्यंत बंदच राहील. मुलाला मांडवीपार यांचं उत्तर वाचायला दिलं, त्याने "हं" एवढंच म्हटलं.

आणखी एक विचारते. हे सगळं चालू असताना भावजी स्वतःच म्हणाले की वहिनी, बंद राहिलं तर बरंच आहे. तिकडे असं कायमचं बंद करून घेता येतं का? आणि त्यांच्या वतीने मी इथून अर्ज केला तर चालेल का?

फायलीतला माणूस

येतं. गॅमस्टॉप नावाची मोफत सोय आहे, ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी. एकदा नाव नोंदवलं की तिथल्या परवान्याच्या सगळ्याच ऑनलाइन कंपन्यांनी त्या माणसाला बंद करायचं असतं, फक्त या एकीने नाही. मुदत सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं, आणि ती संपेपर्यंत मध्येच रद्द करता येत नाही. कायमचं असं नाही, पण पाच वर्षं थोडी नाहीत.

तुम्ही मात्र करू शकत नाही. ज्याचं नाव त्यानेच नोंदवायचं. पैसे कार्डावर आले की त्याच दिवशी त्यांच्याकडून करून घ्या, आणि जुना-नवा प्रत्येक ईमेल आणि फोन नंबर त्यात घालायला सांगा. एक राहिला तरी तेवढी फट उरते.