लिनक्सवर आल्यावर अपडेटच्या कमांड शिकायलाच हव्यात का?

नवापेंग्विन (धागाकर्ता):
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुना लॅपटॉप भंगारात काढवेना, म्हणून उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं. एकाने सांगितलं, रोज टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून 'सुडो ॲप्ट अपडेट' मारत जा. तीन आठवडे इमानेइतबारे मारलं. काल कळलं की ही कमांड इन्स्टॉल काहीच करत नाही, नुसती यादी ताजी करते! बसवायचं काम 'ॲप्ट अपग्रेड'चं. '८६ पॅकेजेस (म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे) अपग्रेड करता येतील' अशी ओळ शेवटी यायची, आकडा रोज वाढायचा आणि मी खूश. माझं मत ठाम आहे: हे शिक्षण वापरणाऱ्याच्या माथी मारू नये. विंडोज निदान स्वतःहून करायचं.

काळीखिडकी:
साफ असहमत. तिथे ब्राउझर, पीडीएफ रीडर, बहुतेकांचा अपडेटर वेगवेगळा. इथे रेपॉझिटरीतलं, म्हणजे उबुंटूच्या सॉफ्टवेअर साठ्यातलं, सगळं एका फटक्यात. आणि दोन पायऱ्या आहेत म्हणूनच काय बदलणार, किती एमबी उतरणार हे आधी दिसतं. मग 'वाय' दाबायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

दोनदगडांवर:
अहो, 'वाय' दाबण्याआधी ती यादी वाचतं कोण?
धागाकर्ते, घाबरू नका. उबुंटूत 'अनअटेंडेड अपग्रेड्स' मुळातच चालू असतं, सुरक्षेचे पॅच आपोआप बसतात. स्नॅपवाली ॲप्स (उबुंटूची ॲप्स द्यायची दुसरी पद्धत) तर दिवसातून चारदा नवं काही आलंय का ते स्वतःच तपासतात. म्हणजे कमांड न शिकताही तुमचं बरंचसं भागत होतं.

काळीखिडकी:
भागतं, बिघडेपर्यंत. मागे नवं कर्नल (लिनक्सचा गाभा) आलं आणि माझी स्क्रीन काळी. ग्रबच्या (मशीन सुरू होताना येणाऱ्या) मेनूतून जुनं कर्नल निवडून आत शिरलो, '/व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग' उघडली. आदल्या रात्री कर्नलसोबत ग्राफिक्स ड्रायव्हरही बदलला होता. तारीख, वेळ, जुनी-नवी आवृत्ती, सगळं लिहिलेलं. कमांड पाठ करू नका हवं तर, पण ही फाईल कुठे असते तेवढं तरी माहीत हवं की नाही?

नवापेंग्विन:
फाईलचं पटलं. पण नावांचं काय? फेडोरा या दुसऱ्या लिनक्सात 'डीएनएफ अपडेट' म्हटलं की खरंच अपडेट होतं! तोच शब्द इथे फक्त यादी आणतो. चूक माझी की नाव ठेवणाऱ्याची?

दोनदगडांवर:
नावाच्या बाबतीत +१. आर्च या आणखी एका लिनक्सवर तर 'पॅकमन'ने (तिकडचं ॲप्ट) नुसती यादी ताजी करून एखादंच पॅकेज टाकलं, तर अर्धवट अपग्रेड होतं आणि नव्या लायब्ररीपायी (ॲप्सना लागणारा सामायिक कोड) जुनी ॲप्स बंद पडू शकतात. तिकडे सध्या फिरकू नका.

नवापेंग्विन:
आत्ताच अपग्रेड मारलं. ८२ झाली, ४ 'टप्प्यांमुळे लांबणीवर' म्हणतंय. आता हे काय नवीन?

काळीखिडकी:
उबुंटूवाले काही अपडेट सगळ्यांना एकदम देत नाहीत, आधी थोड्या मशीनवर सोडून बघतात. तुमचा नंबर आला की येतील. जबरदस्तीने ओढू नका.