तुळजापूरच्या बसला तेरचा थांबा

बी-३०४ : नमस्कार मंडळी. तुळजापूरच्या सहलीचा कार्यक्रम अजून पक्का झाला नसेल तर एक विनंती आहे. परतीच्या दिवशी सकाळचे चार तास तेरला द्या. आम्ही दोघं मागच्या रविवारी जाऊन आलो. धाराशिवपासून वीस-पंचवीस किलोमीटर, तेरणेच्या काठावर. आम्ही होतो तेवढ्या वेळात बाहेरगावचं दुसरं कुणी दिसलं नाही.

ए-१०२ : तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव ना रे? माझ्या सासूबाई सांगायच्या.

बी-३०४ : हो काकू, तेच. समाधीचं दर्शन होईल. नदीला लागूनच आहे, सकाळी लवकर गेलो तर निवांत बसता येतं. चैत्रात मात्र यात्रेची गर्दी असते.

सी-२०१ : दादा, मी फोटो पाहिले. दोन-तीन देवळं आणि मातीची टेकाडं, एवढंच दिसतंय. बसभर माणसं, त्यात लहान मुलं. चार तास काय करायचं?

बी-३०४ : ताई, शंका रास्त आहे, कारण जमिनीच्या वर फार थोडं उरलंय. बाकीचं शहर त्या टेकाडांच्या पोटात आहे. गावातले लोक त्याला पांढर म्हणतात. हेच जुनं तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं समुद्री व्यापाराचं टिपण आहे. त्यात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठं शहर असल्याचं लिहिलंय. इथलं साधं कापड नि मलमल गाड्यांवर लादून गुजरातमधल्या भडोच बंदरात जायची, तीही धड रस्ता नसलेल्या मुलखातून. पुढे कोकणात राज्य करणारे शिलाहारसुद्धा 'तगरपुरवराधीश्वर', म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचे स्वामी, हे बिरुद लावायचे. एवढ्या लांब जाऊनही त्यांना या गावाचं नाव सोडवत नव्हतं!

बी-३०४ : आता तिथल्या त्रिविक्रमाच्या, म्हणजे वामनावतारातल्या विष्णूच्या, देवळाबद्दल. समोरून सपाट छताचा मंडप दिसतो आणि माणसं दर्शन घेऊन तिथूनच परततात. तसं करू नका. वळसा घालून मागे जा. मागची भिंत गोल आहे आणि वरचं छत हत्तीच्या पाठीसारखं. सगळं विटांचं. लेण्यांमध्ये चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, पाहिलंय ना, तोच आकार, फक्त इथे डोंगर कोरलेला नाही, एकेक वीट रचून उभा केलाय. मुळात हे बौद्ध चैत्य असावं, असं पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं. आत बळीला पाय उंचावून दाखवणारा त्रिविक्रम. इतकं जुनं विटांचं बांधकाम, अजून उभं राहिलेलं, देशात मोजकंच आहे. मी भिंतीला हात लावून बराच वेळ उभा होतो.

ई-१०३ : मुलांसाठी काही?

बी-३०४ : तरंगणारी वीट! तिथल्या जुन्या विटांच्या मातीत भाताचं तूस मिसळलेलं असायचं. भट्टीत तूस जळून जातं, जागोजागी बारीक पोकळ्या राहतात आणि वीट इतकी हलकी होते की पाण्यावर तरंगते. आणि संग्रहालय चुकवू नका. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंवर ते उभं राहिलंय. मणी, मातीची खेळणी, शंखाच्या बांगड्या, दिवे. त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे, वीतभरही नाही. तशाच घडणीची मूर्ती इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडली, आणि पॉम्पेई गाडलं गेलं इसवी सन ७९ मध्ये. म्हणजे त्याच्या आधीच आपल्या भारतातलं कोरीवकाम तिथे पोचलं होतं.

सेक्रेटरी : पाणी, जेवण, स्वच्छतागृह?

बी-३०४ : साहेब, सोय जेमतेम आहे. जेवण धाराशिवला करू. पाणी, टोप्या बसमध्ये. फलक अगदी त्रोटक, म्हणून जाताना बसमध्ये मी थोडी माहिती सांगेन. संग्रहालय उघडं आहे का ते आदल्या दिवशी फोन करून विचारायचं काम माझ्याकडे.

डी-४०२ : आम्ही तीन वर्षांपूर्वी गेलो होतो. आमच्या चिरंजीवांना टेकाडावर शंखाच्या बांगडीचा तुकडा मिळाला, अजून शोकेसमध्ये आहे. सगळ्यांना दाखवायला बसमध्ये आणू का?

बी-३०४ : वहिनी, जरूर आणा. आणि राग मानू नका, पण येताना तो तिथल्या संग्रहालयात देऊन येऊ. पावसात अशा वस्तू वर येतात, कुणालाही उचलाव्याशा वाटतात, मलाही वाटल्या. पण तो तुकडा कुठल्या बाजूला, कुठल्या थरातून आला हे कळलं तर तिथे बांगड्या घडवणारे राहत होते की विकणारे, एवढं सांगता येतं. शोकेसमधून ते कुणालाच कळणार नाही.

ए-१०२ : बरोबर बोलतोयस बाळा. कुणाच्या तरी हातातली बांगडी ती.

डी-४०२ : राग कसला भावजी. त्याला वाचून दाखवलं. तो विचारतोय, आता जागा नेमकी आठवत नसेल तर?

बी-३०४ : आठवेल तेवढं लिहायला सांगा. नदीकडे की गावाकडे, चढावर की बांधावर. तेवढंही पुष्कळ.

सेक्रेटरी : तेर पक्कं. सकाळी ७ ला तुळजापूरहून निघायचं. टेकाडावरून कुणीही काही उचलणार नाही, ही सूचना नोटिस बोर्डावरही लावतो.

डी-४०२ : त्याने लिहिलंय : 'नदीकडचा उतार. बाभळीच्या डाव्या हाताला. पावसाने पडलेल्या घळीत, माझ्या गुडघ्याएवढं खाली.' चिठ्ठी आणि तुकडा काडेपेटीत घालून त्याने स्वतःच्या दप्तरात ठेवलाय.