प्रेशर २४ की १७?
हवा मारणाऱ्या मशीनवर आईचं डोळ्याचं प्रेशर २४ आलं आणि नंतर डॉक्टरांकडे १७, मग खरं कुठलं असं तुम्ही विचारलंय. अहो, हवेच्या मशीनवर दचकून डोळे घट्ट मिटले किंवा श्वास रोखला तरी आकडा वर जातो, म्हणून तिथे दोन-तीन रीडिंगची सरासरी घेतात. डॉक्टरांकडचं गोल्डमन टोनोमीटर हे प्रेशर मोजायचं यंत्र डोळा बधिर करून, पिवळा डाय घालून, कॉर्नियाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा) ३.०६ मिमी व्यासाचा गोल सपाट करायला किती जोर लागतो ते मोजतं, त्यामुळे १७ वर जास्त भरवसा ठेवा.

पण कॉर्नियाची जाडी मोजलीय का? साधारण ५४० मायक्रॉनच्या आसपास असते, जाड असेल तर प्रेशर उगाच जास्त दिसतं आणि पातळ असेल किंवा लेसिक (चष्म्याचा नंबर घालवायचं लेसर ऑपरेशन) झालेलं असेल तर कमी दिसतं, आणि हे दुसरं जास्त वाईट कारण माणूस निर्धास्त राहतो. शिवाय प्रेशर दिवसभर बदलतं, बऱ्याच जणांचं सकाळी जास्त असतं, तर रीडिंगची वेळ पण लिहून ठेवा.

आणि प्लीज, २१ च्या आत आहे म्हणून थांबू नका, नॉर्मल प्रेशरमध्येही काचबिंदू होतो. आजोबांना होता म्हणताय ना, मग आईची डोळ्याच्या नसेची तपासणी आणि फील्ड टेस्ट (नजर आजूबाजूला कुठपर्यंत पोचते ते बघणारी तपासणी) करूनच घ्या.