फ्लशची टाकी रात्री आपोआप भरते, गळती नेमकी कुठे आहे?

मृद्गंध:
आईची खोली आणि बाथरूम यांच्यात एकच भिंत आहे. गेले पंधरा दिवस मध्यरात्री, कुणी उठलेलं नसताना, टाकी भरल्याचा आवाज येतो. सूंऽऽ करत सुरू होतो, वीसेक सेकंद चालतो आणि ‘ठक्’ होऊन थांबतो. परवा मी घड्याळ समोर ठेवून जागी राहिले. १.१०, १.३५, २.०० म्हणजे दर २५ मिनिटांनी. आई पंच्याहत्तरीची आहे. आवाज आला की कुणीतरी उठलंय असं समजून ती हाक मारते, आणि मग तिला पहाटेपर्यंत झोप लागत नाही.

कमोडला जोडलेली चिनीमातीची टाकी आहे, झाकणावर दोन बटणं, आठ वर्षं जुनी. प्लंबर येऊन बॉल कॉक बदलून गेले. आवाज थोडा हलका झाला, पण वेळापत्रक तेच! आता ते म्हणतात, टाकीच बदला. नक्की काय बिघडलंय ते कळल्याशिवाय मला तसं करायचं नाही. शिवाय सकाळी टाकीखाली फरशीला ओल लागते. दोन्हीचं कारण एकच असेल का?

पाना-पक्कड:
ताई, ‘वेळापत्रक तेच’ या दोन शब्दांतच उत्तर आहे. पातळी उतरली की पाणी घ्यायचं, एवढंच बॉल कॉकचं काम. तो ते चोख करतोय. पाणी खालून जातंय. टाकीच्या तळाशी, कमोडमध्ये पाणी सोडणाऱ्या फ्लश व्हॉल्व्हखाली रबराची किंवा सिलिकॉनची चपटी रिंग असते. बहुतेक तीच धरत नाहीये. पण माझ्यावर विश्वास ठेवून काही विकत आणू नका, आधी तपासा.

टाकी भरू द्या. भिंतीजवळचा अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा छोटा नळ) पूर्ण बंद करा. झाकण काढून आतल्या बाजूला पाण्याच्या रेषेवर पेन्सिलने खूण करा आणि खाण्याच्या रंगाचे आठ-दहा थेंब टाका. अर्धा तास फ्लश करायचा नाही. पातळी उतरली आणि कमोडमध्ये रंग आला, तर रिंग. पातळी उतरली पण कमोडमधलं पाणी स्वच्छच राहिलं, तर टाकी बाहेर गळतेय. टाकी-कमोड जोडणारे बोल्ट आणि त्यांचे वॉशर बघावे लागतील. (ते कधीही जोर लावून आवळू नका. चिनीमातीला तडा गेला की मग खरंच टाकी बदलावी लागते.)

बॉल कॉकच दोषी असता तर लक्षण वेगळं दिसलं असतं: पाणी ओव्हरफ्लो पाइपच्या (जास्तीचं पाणी कमोडमध्ये सोडणारी टाकीतली उभी नळी) तोंडापर्यंत चढून सतत आत पडत राहतं, आणि आवाज थांबतच नाही.

निळाई:
त्याआधी एक सोपी गोष्ट बघा, आमच्याकडे महिनाभर हीच डोकेदुखी होती. दोन बटणांच्या टाकीत बटणाखाली दांड्या असतात. त्या एखाद-दोन मिलिमीटर जरी लांब राहिल्या, तरी झाकण ठेवल्यावर व्हॉल्व्हला किंचित दाबून धरतात आणि तो नीट बसत नाही. म्हणून चाचणी एकदा झाकण काढून करा आणि एकदा ठेवून. झाकणासकटच पातळी उतरत असेल तर दांड्या फिरवून आखूड करायच्या, काही बदलावं लागत नाही.

आणि टाकीत निळी किंवा क्लोरीनची वडी टाकत असाल तर बंद करा. क्लोरीनने रबर लवकर कडक होतं.

मृद्गंध:
दोघांचेही आभार. काल संध्याकाळी सगळं करून पाहिलं. झाकण काढूनही पातळी उतरतेच, २५ मिनिटांत २ सेंटिमीटर. कमोडमध्ये केशरी ओघळ स्पष्ट दिसला. टाकी आतून मोजली, ३६ बाय १४ सेंटिमीटर. म्हणजे दर खेपेला १ लिटर, दिवसाला ५७ लिटर पाणी आम्ही नुसतं वाहू देत होतो. हा आकडा काढल्यावर फार वाईट वाटलं.

आता ती रिंग काढायची कशी? आणि ओलीचं काय? टाकी बाहेरून कोरडी आहे.

पाना-पक्कड:
अँगल कॉक बंद, फ्लश करून टाकी रिकामी. व्हॉल्व्हचा उभा डबा दोन्ही हातांनी धरून पाव फेरा डावीकडे, बहुतेक प्रकारांत तो उचलून हातात येतो. अडला तर ओढाताण नको, कडेला खटके असतात ते आधी बघा. रिंग ज्यावर टेकते ती गोल बैठक बोटाने चाचपा. खरखर लागली तर क्षार आहेत, व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तासभर ठेवून पुसा. सुरी किंवा घासणी लावू नका, चरा पडला की नवी रिंगही गळेल. जुनी रिंग चपटी असेल तर उलटी करून बसवा, नवी मिळेपर्यंत तेवढं चालतं. दुकानात जाताना जुनी सोबत न्या, मापात थोडाही फरक चालत नाही.

ओलीसाठी सगळं कोरडं पुसून प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर गुंडाळा. आधी भिजेल तो दोषी.

मृद्गंध:
झालं! रिंगवर बैठकीचा खोल वळ उमटला होता आणि एका ठिकाणी नखाएवढी चीर. उलटी बसवली, बैठक साफ केली, रात्री १० ला नवी खूण केली. सकाळी ६ ला पाणी त्याच रेषेवर. आई सलग झोपली.

टिश्यू भिजला तो अँगल कॉकवर, लवचीक नळीच्या नटापाशी. म्हणजे ओलीचं कारण वेगळंच होतं. तिथे कुणीतरी टेफ्लॉन टेपचे भरपूर वेढे दिले होते आणि आतलं वॉशर चपटं होऊन फाटलं होतं. वॉशर बदललं, टेप काढून टाकली, आता कोरडं आहे.

फक्त फ्लशनंतरचा तो ‘ठक्’ अजून येतो. अँगल कॉक अर्धा बंद केला तर तो जवळजवळ जातो, पण टाकी भरायला अडीच मिनिटं लागतात. तसंच ठेवलं तर चालेल?

पाना-पक्कड:
चालेल. पाणी एकदम अडलं की नळीला धक्का बसतो, त्याचा तो आवाज. वेग कमी केला की धक्काही कमी. मात्र दोन-तीन महिन्यांनी कॉक एकदा पूर्ण बंद करून पूर्ण उघडा आणि पुन्हा अर्ध्यावर आणा. एकाच जागी राहिला तर क्षार धरून जाम होतो आणि ऐन वेळी फिरत नाही.