डावा परत गेला

अण्णा: डावा परत गेला. आता बस झालं. मला नवीन ॲम्प्लिफायर हवाय, परवडणारा. "फोनवरच ऐका ना" असं कोणीही म्हणायचं नाही.

अण्णा: आणि गेल्या वेळसारखी तीन महिने चर्चाही नकोय.

ताई: टपली मारून बघितलीत का?

अण्णा: दोनदा. पहिल्या टपलीला आला, दुसरीला गेला.

वहिनी: मग दुसरी कशाला मारलीत 😄

अण्णा: खात्री करायला.

दादा: स्पीकरच्या मागचा फोटो टाका. ओम (विजेला होणारा अडथळा) आणि डेसिबल (आवाजाची पातळी) छापलेलं असतं. त्याशिवाय काही सांगता येणार नाही.

आत्या: कोणाचा डावा गेला? डॉक्टरांना दाखवलं का?

ताई: आत्या, स्पीकर. डावा स्पीकर.

आत्या: बरं बरं. मला वाटलं गुडघा.

मी: अण्णा, एवढं मोठं धूड आता लागत नाही. हातावर मावेल एवढी डबी येते, क्लास डी, म्हणजे वीज कमी वाया घालवणारा ॲम्प. फोसी व्ही ३ बघा. आत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३२५५ चिप आहे, फारशी तापत नाही, जागा खात नाही, आणि तुमच्या त्या धुडाच्या कितीतरी कमी पैशात येते.

मामा: छोट्या, जे एका हातात उचलता येतं त्याला ॲम्प्लिफायर म्हणत नाहीत. ट्रान्सफॉर्मर जड पाहिजे. आम्ही दुकानात गेलो की आधी उचलून बघायचो.

मी: मामा, वजनावर घ्यायचं तर रद्दीवाल्याकडून घेऊ.

अण्णा: डबी मी पाहिली. ऑनलाइन एक आहे, खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय १०० वॉट अधिक १०० वॉट. माझ्या जुन्यावर ४० लिहिलंय. म्हणजे अडीच पट.

दादा: वॉट सोडा. स्पीकरच्या मागचा फोटो टाका.

भाऊजी: अण्णा, नमस्कार. त्या डबीबरोबर कोणता ॲडॅप्टर येतो ते त्याच पानावर खाली लिहिलेलं असेल. बघता का जरा?

अण्णा: २४ व्होल्ट, ३ अँपिअर.

भाऊजी: २४ गुणिले ३ म्हणजे ७२. भिंतीतून डबीत एकूण ७२ वॉट येणार, त्यातून २०० बाहेर कुठून पडणार? क्लास डी काटकसरी असतो, नव्वद टक्क्यांच्या आसपास बाहेर काढतो. तरी दोन्ही बाजू मिळून ६५. एका स्पीकरला बत्तीसेक, तेसुद्धा सतत द्यायचे म्हटलं तर. तुमचा जुना ४० खरे देतो. तेव्हा अडीच पट वगैरे काही नाही.

मी: भाऊजी, चिप खरोखर तेवढे देऊ शकते. मोठा ॲडॅप्टर वेगळा घेतला की झालं.

भाऊजी: देते ना. पण ४ ओमच्या स्पीकरला, आणि बहुतेक वेळा आवाज १० टक्के फाटल्यावरचा आकडा छापलेला असतो. १० टक्के डिस्टॉर्शन म्हणजे गाणं नाही, कुरकुर. ८ ओमला ०.१ टक्क्यावर किती, ते विचारायचं. असो, ग्राफ माझ्याकडे आहेत, कोणाला हवे असतील तर.

ताई: कोणाला नकोयत. जेवायला या.

मामा: बघा, मी काय म्हणत होतो. नॅड ३०२० हा ॲम्प, साल १९७८. कंपनीने लिहिलेले वॉट किती? फक्त २०. आणि भल्याभल्यांना पाणी पाजलं त्याने. तेव्हा आकडे फुगवत नसत.

मी: मामा, पीएमपीओ, म्हणजे ते फुगवलेले वॉट, कोणाच्या जमान्यातले? हजार हजार वॉट लिहिलेले टेपरेकॉर्डर आमच्या पिढीने काढले का?

मामा: ते टेपरेकॉर्डर. मी हाय-फायबद्दल बोलतोय. फरक कळत नसेल तर मध्ये बोलू नये.

वहिनी: मामा, छोटू, दोघंही शांत व्हा. अण्णा, मला एक सांगा, टीव्हीचा आवाज त्यातूनच यायला हवाय ना? परवा म्हणत होतात.

अण्णा: हो. आणि रेकॉर्ड प्लेअर. आणि नातू आला की त्याचा फोन.

दादा: स्पीकरच्या मागचा फोटो टाका. तिसऱ्यांदा सांगतोय.

अण्णा: (व्हॉइस नोट, १ मिनिट ४८ सेकंद)

ताई: अण्णा, यात नुसता पंख्याचा आवाज आहे.

अण्णा: मी म्हणालो की स्पीकर भिंतीला टेकलेत, मागचं दिसत नाही, आणि माझी कंबर.

मी: मग विम ॲम्प घ्या. ८ ओमला ६० वॉट, टीव्हीला एचडीएमआयने जोडतो, टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो. फोन वायफायवर. विषय संपला.

ताई: विम? भांड्यांचा ना तो?

वहिनी: 😂😂

मामा: 😂 अगदी बरोबर नाव आहे. भांडंच आहे ते.

मी: स्पेलिंग वेगळं आहे. जाऊ दे.

भाऊजी: छोटू, विम चांगला आहे, पण त्याला फोनो इनपुट नाही. अण्णांचा रेकॉर्ड प्लेअर कुठे लावणार?

मी: मागे ऑक्स आहे की, साधं इनपुट.

भाऊजी: सीडी प्लेअर साधारण २ व्होल्ट बाहेर टाकतो. रेकॉर्डची सुई, म्हणजे मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज, पाचेक मिलिव्होल्ट. चारशे पटींचा फरक. शिवाय रेकॉर्ड कापताना बास मुद्दाम दाबलेला आणि वरचा आवाज चढवलेला असतो, तो ऐकताना उलटा करून घ्यावा लागतो. त्याचं प्रमाण १९५४ मध्ये आरआयएएने, म्हणजे अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने, ठरवलं, ती वक्ररेषा आता जवळपास सगळीकडे तीच. हे काम फोनो इनपुट करतं. तुम्ही ऑक्समध्ये लावाल तर तबला टिचकीसारखा आणि गाणारा डासासारखा ऐकू येईल.

मी: मग वेगळा फोनो प्रीॲम्प लावायचा. छोटीशी डबी.

वहिनी: म्हणजे एक डबी, तिचा ॲडॅप्टर, दुसरी डबी, तिचा ॲडॅप्टर. पुसणार कोण? टीव्हीमागे हात घालून बघा एकदा, काय जाळं झालंय ते.

मी: नव्या रेकॉर्ड प्लेअरला प्रीॲम्प आतच असतो, मागे फोनो-लाइन असं बटण असतं. अण्णा, तुमच्या मागे आहे का असं काही?

अण्णा: बटण नाही. दोन वायरी आणि एक हिरवी बारीक तार आहे, तिचं टोक कुठेच लावलेलं नाही.

भाऊजी: ती अर्थची. ॲम्पच्या मागे जीएनडी लिहिलेला स्क्रू असतो, तिथे जाते. म्हणून रेकॉर्ड लावली की घूंऽऽ येतो तुमच्याकडे. मी मागे एकदा म्हणालो होतो.

अण्णा: जावईबापू, तुम्ही म्हणाला होतात की "घर जुनं आहे म्हणून".

भाऊजी: ते मी नव्हे. असो.

ताई: ते मामा म्हणाले होते.

मामा: मी तार लावा म्हणालो होतो. कोणी ऐकतं का आपलं.

आत्या: (सुप्रभात, गुलाबांचा फोटो)

दादा: सुप्रभात आत्या. अण्णा, स्पीकरच्या मागचा फोटो.

माई: (फोटो)

माई: हा घ्या. पुढे ओढला मी. उलटा आलाय, फोन फिरवून वाचा.

दादा: माई 🙏 बघा, एवढंच हवं होतं. ६ ओम, ८७ डेसिबल, शिफारस २० ते ८० वॉट.

अण्णा: त्याचा अर्थ काय, तेही सांगा. फोटो फोटो करून डोकं खाल्लंत.

दादा: १ वॉट दिला तर एक मीटरवर ८७ डेसिबल. १० वॉटला ९७. १०० ला १०७. म्हणजे दहापट वॉट घातले की कानाला साधारण दुप्पट आवाज. वॉट दुप्पट केले तर जेमतेम ३ डेसिबल, घुंडी किंचित फिरवल्यासारखं. तुमची खुर्ची अडीच मीटरवर. अंतराने थोडं गळतं, दोन स्पीकरमुळे थोडं परत येतं. संध्याकाळी तुम्ही ऐकता ते एक-दोन वॉटमध्ये भागत असणार. ठेका जोरात पडला की क्षणभर वीस-तीस लागतील. म्हणून ४० पुरतात, ६० चैन. १०० आणि ६० मध्ये भांडत बसायचं कारण नाही. बघायचं एवढंच की ॲम्पला ६ ओम चालतात का. तुमच्या नव्याच्या मागे ते छापलेलं असेल.

मी: हे आधी लिहिलं असतंस तर?

दादा: फोटो नव्हता.

मामा: वॉट झाले. आता आवाजाच्या गुणाचं बोला. जड ॲम्पमध्ये जो गोडवा असतो, तो या डब्यांत येत नाही. माझे कान आहेत.

भाऊजी: मामा, दोन ॲम्प शेजारी ठेवून लावले ना, तर जो अर्धा डेसिबल मोठा वाजतो तो गोड वाटतो. मोठा आहे हे कळतसुद्धा नाही. मीटरने दोन्हीचा व्होल्टेज स्पीकरच्या टोकाशी सारखा करून, डोळे बांधून ओळखा, मग बोलू.

मामा: जावईबापूंना सगळं मीटरने कळतं.

ताई: मामा, ते वाईट नव्हतं म्हणायचं त्यांना.

भाऊजी: नाही, तसं काही नाही. मामांचा अनुभव मोठा आहे.

मामा: हा मेसेज डिलीट केला

वहिनी: मामा, काय होतं? 😄

माई: ऐकायचं म्हणाल तर माझे हेडफोन दोन वर्षं मामाकडेच आहेत.

मामा: अक्का, ते खराब झालेत, दुरुस्त करून आणतो म्हणालो होतो ना.

माई: दोन वर्षं दुरुस्त होतायत.

दादा: विषयावर या. अण्णा, फोनो हवा, टीव्हीसाठी ऑप्टिकल (प्रकाशाच्या वायरीचं) इनपुट हवं, ४० ते ६० वॉट. एकाच खोक्यात: यामाहा ए-एस ३०१, ८ ओमला ६० वॉट. डेनॉन पीएमए-६००एनई, ८ ओमला ४५, ब्लूटूथही आहे, म्हणजे नातवाचा फोन सुटला. यामाहाचा ए-एस २०१ स्वस्त पडेल, फोनो आहे, पण ऑप्टिकल नाही, टीव्ही अडेल. तिन्ही जड आहेत, मामा खूश.

मी: आणि डबीच्या कितीतरी पट महाग. उरलेल्या पैशात स्पीकर बदलले तर जास्त फरक पडेल. ॲम्पपेक्षा स्पीकर आणि खोलीच बोलतात.

भाऊजी: हे मात्र छोटूचं खरं आहे.

मी: धन्यवाद. स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

अण्णा: स्पीकर बदलायचे नाहीत. ते मी आणि माईने मिळून घेतलेत.

भाऊजी: अण्णा, घेण्याआधी एक करता का? सकाळी मी लिहिलं होतं, कोणी वाचलं नाही बहुतेक. सगळं बंद करून, प्लग काढून, मागच्या डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा. मग लावून बघा. आता उजवा बंद पडला तर स्पीकर निर्दोष. तेव्हा पुन्हा बंद करून रेकॉर्ड प्लेअरच्या दोन वायरी अदलाबदल करा. बिघाड जागा बदलतो का बघा.

ताई: सकाळी कुठे लिहिलंत? मला लिहिलंत. ग्रुपवर नाही.

भाऊजी: अच्छा.

अण्णा: माझी कंबर.

माई: केलं. वायरी उलट्या केल्यावर उजवा बंद पडला. प्लेअरच्या उलट्या केल्या, तरी उजवाच बंद.

दादा: म्हणजे स्पीकर आणि प्लेअर दोन्ही ठीक. ॲम्पच.

मामा: अक्का, पुढच्या पट्टीवर टेप मॉनिटर असं एक बटण असेल. जुन्या ॲम्पमध्ये गाणं त्याच्या आतून वळसा घालून जातं, वापरलं नाही की आतले पत्रे काळे पडतात आणि एक बाजू जाते. टपलीने येतं-जातं ते त्यामुळे. बंद करून वीस वेळा आतबाहेर दाब, कडक.

मी: मामा, हे कालपासून माहीत होतं तुम्हाला?

मामा: मला विचारलं का कोणी? मला वजनावरून हसत होतात.

भाऊजी: मामा, हे माझ्याही लक्षात आलं नाही. मान गये.

अण्णा: माईने वीस वेळा दाबलं. दोन्ही वाजतायत. घूंऽऽ पण गेला, ती हिरवी तार तिने स्क्रूला गुंडाळली.

ताई: वा! मग नवीन रद्द?

दादा: अण्णा, वर्षभर तरी जाईल. कॉन्टॅक्ट क्लीनर, म्हणजे बटणाच्या आतले पत्रे साफ करणारा स्प्रे, मारला तर जास्त.

अण्णा: रद्द कशाला?

वहिनी: अहो, चालतोय ना आता?

अण्णा: चालतो. पण टीव्हीवर जाहिरात लागली की दरवेळी उठून घुंडी फिरवायला जावं लागतं. रात्री पाच वेळा उठतो. मला रिमोट हवाय.

मी: अण्णा. हे पहिल्या मेसेजमध्ये लिहायचं ना.

अण्णा: कंबर कंबर म्हणतोय कधीपासून, वाचता का कोणी?

दादा: मी दिलेल्या तिन्हींना रिमोट आहे.

मी: फोसी व्ही ३ ला नाही. मी माघार घेतो.

भाऊजी: डेनॉन किंवा ए-एस ३०१, दोन्ही चालतील अण्णा. फोनसाठी डेनॉन बरा.

अण्णा: डेनॉन. दादा, तू मागव. स्पीकरचा फोटो परत मागू नकोस.

मामा: जुना टाकू नका हं. रविवारी येऊन घेऊन जातो मी. थोडा साफ करून ठेवतो.

माई: हेडफोन घेऊन ये. मग बघू.