संपूर्ण पार्श्वसंगीत आणि हाय-रेझ: दोन्हींचा आग्रह कितपत योग्य?

धागाकर्ता
वाद्यवृंदासाठी लिहिलेले चित्रपटाचे पार्श्वसंगीत संपूर्णच ऐकावे, आणि तेही २४ बिटच्या, म्हणजे सीडीपेक्षा अधिक बारकाईने ध्वनी साठवणाऱ्या 'हाय-रेझ' फाइलवरून, असे माझे ठाम मत आहे. 'द फेलोशिप ऑफ द रिंग' या चित्रपटाच्या हॉवर्ड शोर यांच्या संगीताचा २००१चा अल्बम सुमारे ७१ मिनिटांचा होता. २००५ साली निघालेले संपूर्ण ध्वनिमुद्रण सुमारे तीन तासांचे आहे. अंगठी नष्ट करायला निघणाऱ्या नऊ सोबत्यांची मुख्य धून त्यात एकदम येत नाही. आधी तिचे तुकडेच कानावर पडतात, सोबती जमत जातात तशी ती भरत जाते आणि रिव्हेंडेल या ठिकाणच्या सभेत नऊ जण ठरल्यावर पितळी वाद्ये ती पूर्ण ताकदीने वाजवतात. मधले तुकडे गाळले, तर ही वाढ ऐकणाऱ्याला कळायची कशी?

प्रतिसाद १
असहमत. पडद्यावरचा प्रसंग संपला की संगीतही तुटते. अर्ध्या मिनिटाचे असे तुकडे ओळीने ऐकताना रचना हाती लागत नाही. जॉन विल्यम्स यांनी 'जॉज'च्या १९७५च्या अल्बमसाठी संगीताची फेरमांडणी करून ते पुन्हा ध्वनिमुद्रित केले, कारण घरी ऐकण्याची गरज वेगळी असते, हे ते जाणून होते. काय गाळायचे हे संगीतकाराने स्वतः ठरवले असेल, तर त्या निवडीचा मान राखायला हवा.

प्रतिसाद २
संपूर्णतेबद्दल मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे, २४ बिटबद्दल मात्र मुळीच नाही. सीडीच्या १६ बिटमध्ये सर्वांत मंद ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो आणि सेकंदाला ४४,१०० नमुने घेण्याच्या तिच्या वेगात, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झमध्ये, २२ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर मावतात, जे माणसाच्या कानाला पुरेसे आहेत. मेयर आणि मोरन या संशोधकांच्या २००७च्या चाचणीत हाय-रेझ ध्वनी मध्येच सीडीच्या दर्जावर उतरवला, तरी श्रोत्यांना फरक ओळखता आला नाही. २४ बिटचा खरा उपयोग स्टुडिओत होतो, कारण ध्वनिमुद्रणाची पातळी काटेकोर न लावता थोडी सैल ठेवता येते. तीच फाइल घरी अधिक सुरेल वाटते, तेव्हा बहुधा तिचे मास्टरिंग, म्हणजे प्रकाशनाआधीची अंतिम ध्वनिजुळणी, निराळे असते. आवाज वाढवण्याच्या नादात ध्वनीची शिखरे, म्हणजे सर्वांत मोठे क्षण, दाबलेली असतील, तर कितीही बिट असोत, ढोलाचा आघात बोथटच येणार.

धागाकर्ता
मास्टरिंगचा मुद्दा महत्त्वाचा आहे. तरीही राइस या संशोधकांनी २०१६ साली अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा हाय-रेझ ओळखण्याचे प्रमाण निव्वळ योगायोगापेक्षा थोडे अधिक आणि कान तयार असलेल्या श्रोत्यांत त्याहून बरेच अधिक आढळले. थोडासाच फरक असला, तरी वाद्यवृंदाच्या मंद भागांसाठी मी तो सोडणार नाही.

पहिल्या प्रतिसादाबद्दल एवढेच, की प्रसंगाच्या कात्रीने संगीत नेहमीच तुटते असे नाही. 'ई.टी.' या चित्रपटाच्या शेवटच्या भागासाठी दिग्दर्शक स्पीलबर्ग यांनी पडदा बंद करून विल्यम्स यांना मोकळेपणाने वाद्यवृंद चालवू दिला आणि नंतर त्या संगीताबरहुकूम दृश्यांचे संकलन बदलले.

प्रतिसाद १
ते उदाहरण खरे आहे, पण अपवादाचे आहे. दोन्ही आवृत्त्या बाजारात असाव्यात, एवढे मी मान्य करतो; पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या हाती मात्र मी अल्बमच देईन.